दोन हात पुट्टी

इंजिनिअरिंगच्या ॲडमिशन फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. मी तिथे 'कॉन्ट्रॅक्टर' लिहिलं. तसं ते खोटं नव्हतं. बाबा घरांची रंगकामं अंगावर घेतात, हाताखाली दोन-तीन माणसं असतात, हिशोब तेच ठेवतात. पण तोच शब्द मी का निवडला, हे मला तेव्हाही माहीत होतं. कॉलेजात कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की पोरांना पांढरी स्कॉर्पिओ दिसते. बाबांकडे तेव्हा जुनी एम-एटी होती. तिच्या पुढ्यात पुट्टीची गोणी असायची आणि हँडलला ब्रशांची पिशवी.

तो रकाना मला परत आठवला गेल्या हिवाळ्यात, नोकरी गेल्यावर.

पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल होता. माझा कॅमेरा चालू, एचआरचा बंद. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप न्यायला कुरिअरवाला आला, त्यानेच मला सही कुठे करायची ते दाखवलं. महिनाअखेरीस मी वाकडचा शेअरिंगमधला फ्लॅट सोडला आणि थेरगावला, आमच्या दोन खोल्यांच्या घरी परत आलो. त्याच आठवड्यात बार्शीहून आत्याचा मुलगा आला. घरात त्याला सगळे बारक्या म्हणतात, वय १९, उंची माझ्यापेक्षा जास्त. बारावीला दोन विषय राहिले होते आणि त्याला ते काढायचे नव्हते. त्याला मामाच्या हाताखाली रंगकाम शिकायचं होतं.

आत्याचा फोन मला आला. "तू शिकलेला आहेस, तू समजाव त्याला. कसला तरी कॉम्प्युटरचा कोर्स लावून दे." मी नुकताच कॉम्प्युटरमधून बाहेर पडलो होतो, हे आत्याला अजून सांगितलेलं नव्हतं.

बाबांचं म्हणणं आत्यापेक्षा कडक होतं. "मी एकाला या धंद्यातनं बाहेर काढायला वीस वर्षं घासली, आता दुसऱ्याला आत घेऊ व्हय?" तो एक म्हणजे मी.

खरं तर मला या घरात लहानपणापासून एक गोष्ट निषिद्ध होती. मे महिन्याच्या सुट्टीत मित्र वडिलांच्या दुकानात बसायचे, गॅरेजवर जायचे. मी एकदा साईटवर येतो म्हणालो, तर बाबांनी मला घोडीवर चढूही दिलं नव्हतं. घोडी म्हणजे रंगाऱ्यांची दोन्ही बाजूंनी उघडणारी शिडी. "तुझं काम खाली आहे," म्हणाले, आणि मला वर्तमानपत्र वाचत बसवलं. तेच वर्तमानपत्र मग त्यांनी फरशीवर अंथरलं.

तर मी बारक्याला समजावायला बसलो ते इंजिनिअरच्या पद्धतीने. लॅपटॉप उघडून पर्यायांचा तक्ता केला. आयटीआयमध्ये 'पेंटर जनरल' नावाचा दोन वर्षांचा ट्रेड असतो. त्यात नुसत्या भिंती नाहीत. लाकडाचं पॉलिश, स्प्रे, अक्षरं काढणं असं बरंच येतं. कौशल्य विकास योजनांमध्ये 'कन्स्ट्रक्शन पेंटर अँड डेकोरेटर' अशी नोकरीची एक ठरावीक भूमिका आहे. आधीपासून काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. मी हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "म्हंजे माझी परीक्षा घेणार. घेणाऱ्याच्या घरचा रंग बघून मग जाईन."

मग बारक्याने मला एक साधा प्रश्न विचारला, ज्याने माझा तक्ता मोडला. "दादा, मामा जे करतात ते यात कुठल्या रकान्यात आहे?"

मला माहीत नव्हतं, कारण मामा काय करतात हे मला माहीत नव्हतं. २८ वर्षं त्यांच्या पैशावर, आणि भिंतीवर नक्की काय लागतं ते मला सांगता आलं नसतं.

शेवटी बाबा कबूल झाले ते एका माणसाने काम सोडलं म्हणून. पिंपळे सौदागरला एका टू बीएचकेचं काम घेतलेलं, तारीख दिलेली, आणि त्यांचा जुना कारागीर गावी गेलेला. बारक्याला हेल्पर म्हणून घेतलं. मी म्हणालो, मीही येतो, तसाही घरी बसून काय करतोय. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "हजेरी हेल्परची मिळेल. सहाशे." आणि मग अट घातली, दोघांनाही: "घासताना तोंडाला मास्क. एकदा जरी काढलेला दिसला तर त्याच दिवशी घरी." स्वतः त्यांनी मास्क घातलेला मी कधीच पाहिला नव्हता. त्याबद्दल नंतर.

*

पहिले तीन दिवस आम्ही रंगाचा डबासुद्धा उघडला नाही. हेच मला सर्वात आधी सांगायचंय, कारण मला ते माहीत नव्हतं आणि ज्यांच्या घरी रंगकाम होतं त्यांनाही बहुतेक माहीत नसतं. फर्निचर मधोमध ओढून प्लास्टिकने झाकलं. स्विचबोर्डांना, दाराच्या चौकटींना टेप लावला. मग खरवडणं. जुना डिस्टेंपर पाणी मारून भिजवायचा आणि पत्र्याने काढायचा. पोपडे आलेला भाग वाजवून बघायचा. पोकळ आवाज आला की तिथलं सुटं प्लास्टर काढून परत भरायचं. भेगा आधी व्ही आकारात मोठ्या करायच्या आणि मग भरायच्या. हे मला पहिल्यांदा उलटं वाटलं, पण बारीक भेग वरून लिंपली तर आत काही जातच नाही, महिन्याभरात ती परत उठते.

बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीला ओल होती. मालक म्हणाले, "वरून वॉटरप्रूफ काहीतरी मारून टाका ना." बाबा म्हणाले, "आधी प्लंबर बोलवा." मालक नाराज झाले, कारण प्लंबर म्हणजे टाइल फोडणं, टाइल फोडणं म्हणजे खर्च. बाबा ती भिंत सोडून बाकीचं करू लागले. दोन दिवसांनी प्लंबर आला. आमच्या क्षेत्रात याला मूळ कारण शोधणं म्हणतात, त्यावर मीटिंगा होतात, आणि शेवटी बहुतेक वेळा वरून काहीतरी मारून टाकतात.

मग पुट्टी. सफेद सिमेंटची पुट्टी पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवायला लागते, नंतर ती घट्ट होते. वर पाणी ओतून परत ढवळली तर दिसायला मऊ होते पण धरत नाही. बारक्याने पहिल्याच दिवशी अख्खी बादली कालवली. निम्मी दगड झाली. बाबा काही बोलले नाहीत, संध्याकाळी त्यालाच ती बादली फोडून धुवायला लावली. दुसऱ्या दिवशी त्याने तीन वेळा थोडी थोडी कालवली.

रंगाऱ्यांच्या बोलण्यात कोट हा शब्द क्वचित येतो. ते 'हात' म्हणतात. दोन हात पुट्टी, एक हात प्रायमर, दोन हात रंग. पुट्टीची पट्टी भिंतीला जितकी उभी धरावी तितका माल कमी राहतो, जितकी आडवी कराल तितका जास्त. पहिला हात भिंतीचे खड्डे भरतो, दुसरा हात पहिल्या हाताच्या चुका. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ द्यायची नाही. दीड मिलिमीटर हे मला गोणीवर छापलेलं वाचून कळलं. बाबांना ते मनगटात कळतं. मी विचारलं, कोन किती? पंचेचाळीस, साठ? ते म्हणाले, "तू आधी मार तर."

मी मारली. लाटा आल्या. लाटा भरायला परत मारली, जाडी वाढली. मग घासायला बसलो आणि अर्धी घासून काढली. माझ्या शेजारच्या भिंतीवर बारक्या होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याची पट्टी एका दमात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जायला लागली, तिचा आवाजही वेगळा झाला. माझी पट्टी खरडायची, त्याची सरकायची. बारावीत दोन विषय राहिलेला पोरगा. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचंही वाईट वाटलं. मला आयुष्यात पहिल्यांदा अशा वर्गात बसवलं होतं जिथे मी मागच्या बाकावर होतो आणि पाठ करून पुढे येता येत नव्हतं.

हिशोबात तरी आपण पुढे असू असं वाटलं होतं. एका संध्याकाळी मी प्रत्येक भिंतीची लांबी-रुंदी घेऊन, दारं-खिडक्या वजा करून, स्प्रेडशीट बनवली. बाबांनी कार्पेट विचारलं. सहाशे. "साडेतीन पट कर. एकवीसशे." माझा आकडा २०८४ आला. त्यांना चार सेकंद लागले होते, मला चाळीस मिनिटं.

*

एक गोष्ट मला तिथे कळली आणि ती भिंतीबद्दल नव्हती.

रोलरने रंग मारताना ओली कड सुकू द्यायची नाही. एक पट्टा मारला की त्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढला पाहिजे. मध्ये थांबलात, कड सुकली, तर तिथे जोड दिसतो. दिवसा कदाचित दिसणार नाही, पण रात्री ट्यूबलाइट बाजूने पडली की भिंतीवर उभी रेघ उमटते. म्हणून भिंत एकदा धरली की संपवायची. पाणी प्यायला थांबायचं ते कोपऱ्यावर. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

माझं कॅम्पस प्लेसमेंट झालं त्या दिवशी मी बाबांना दुपारी चारला फोन केला होता. उचलला नाही. परत केला. उचलला नाही. पाच वाजता त्यांचा आला. तोपर्यंत मी आईला सांगून, मित्रांबरोबर चहा पिऊन, चिडूनही झालो होतो. आईला म्हणालो होतो, यांना कशाचं काही पडलेलंच नाही. शाळेचं गॅदरिंग, दहावीचा निकाल, सगळीकडे तीच गोष्ट होती: बाबांचा फोन वाजतोय आणि ते उचलत नाहीत.

पिंपळे सौदागरच्या त्या हॉलमध्ये, रोलर हातात असताना, माझ्या खिशात फोन वाजला. एका कंपनीच्या रिक्रूटरचा कॉल, ज्याची मी आठवडाभर वाट पाहत होतो. मी थांबलो, हात पुसला, बाल्कनीत जाऊन सात मिनिटं बोललो. परत आलो तेव्हा बाबा माझ्या भिंतीसमोर उभे होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी आम्ही डबे धूत असताना त्यांनी ती भिंत पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत एकट्याने मारली. मालकाला कळलंही नसतं. रंग आमचाच जास्त गेला.

मी त्यांना त्या प्लेसमेंटच्या दिवसाबद्दल काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

*

त्या सोसायटीच्या गेटवर एक ॲप आहे. तुम्हीही वापरत असाल. गार्ड फोटो काढतो, फ्लॅटवर नोटिफिकेशन जातं, मालक होकार देतो. महिनाभरापूर्वी वाकडला मी त्याच ॲपवर 'रेसिडेंट' होतो. इथे मी 'वर्कर'. तेच ॲप, तेच मी, फक्त फोटोत धूळ. आम्हाला सर्व्हिस लिफ्ट. त्यात कधी कचऱ्याचे डबे असतात, कधी कुत्रं फिरवून आणलेला एखादा माणूस. टॉयलेट तळघरात, ड्रायव्हर लोकांसाठीचं. म्हणजे नवव्या मजल्यावर काम चालू असताना लघवीसाठी खाली जाऊन परत यायला वीस मिनिटं. बाबा कामावर पाणी कमी पितात हे मला घरीही माहीत होतं. कारण माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी सर्व्हिस लिफ्ट बंद होती म्हणून गार्डने आम्हाला मुख्य लिफ्टने सोडलं. सहाव्या मजल्यावर दार उघडलं आणि माझ्या आधीच्या टीममधला एक जण आत आला. आम्ही दीड वर्ष एका ओळीत बसलो होतो. तो याच सोसायटीत राहतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, पापण्यांवर पुट्टी. तो फोनमध्ये बघत होता. एकदा वर पाहिलं, बाबांच्या हातातल्या बादलीकडे, मग स्वतःच्या बुटांकडे, आणि जरा मागे सरकला.

मी त्याला हाक मारली नाही. मास्क असल्याबद्दल मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

नवव्या मजल्यावर उतरल्यावर बाबांनी विचारलं, "वळखीचा होता का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी कुलूप उघडलं आणि कामाला लागले.

त्या दिवशी मला स्टुटगार्ट आठवलं. २०२३ मध्ये मी तीन महिने ऑनसाइटला तिथे होतो. एका जर्मन सहकाऱ्याने जेवताना सांगितलं की त्याचा मुलगा रंगारी व्हायचं शिकतोय. तिकडे त्याला 'मालर उंड लाकीरर' म्हणतात. तीन वर्षांचं शिक्षण, काही दिवस कंपनीत काम, काही दिवस शाळा; शिकत असतानाच पगार; शेवटी लेखी आणि हातची परीक्षा; पुढे वाटलं तर उस्ताद होण्याची वेगळी परीक्षा. तो हे सांगताना आवाज खाली आणत नव्हता. मुलाने पहिल्यांदा वॉलपेपर लावला त्याचा फोटो त्याने मला दाखवला. मग विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हणालो, कॉन्ट्रॅक्टर आहेत. बांधकाम क्षेत्रात. सात हजार किलोमीटर लांब, जिथे ऐकणाऱ्याला काहीच फरक पडत नव्हता, तिथेसुद्धा मी फॉर्मवरचंच उत्तर दिलं.

*

बाबांना खोकला जुना आहे. सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं. लहानपणी आम्ही त्यावर उठायचो, अलार्मसारखं. या कामावर मी त्यांच्या शेजारी असल्यामुळे मला दिवसभराचा खोकला ऐकू आला, आणि घोडीवर चढल्यावर ते क्षणभर थांबतात हेही दिसलं. आईने आणि मी जबरदस्तीने दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाईंनी त्यांना नळीत जोरात फुंकायला लावलं. तीनदा. बाबा प्रत्येक वेळी हसत होते, फुंकायचं म्हटल्यावर माणूस लाजतो तसे. श्वासनळ्या थोड्या आकुंचलेल्या आहेत असं निघालं.

"सिगारेट?"

"न्हाई. कधीच न्हाई."

"काम काय करतात?" हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, शिकलेल्या मुलाला विचारतात तसं.

"रंगारी आहेत," मी म्हणालो. "१९८९पासून. भिंती घासतात, पुट्टी, ऑइलपेंट, सगळं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते शर्टाची बाही खाली करत होते.

औषधं लिहून होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून फोनवर वाचत बसलो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे. तिने १९८९ मध्येच रंगाऱ्याच्या कामातला संपर्क माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलेला आहे. कुठलं एक रसायन नाही, आख्खं कामच. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. बाबांनी काम सुरू केलं तेच वर्ष. शिशाचं तर त्याहून उशिरा: घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीची अठ्ठावीस वर्षं त्यांनी जुन्या दारांवरचा, ग्रिलवरचा ऑइलपेंट कोरड्या पॉलिश पेपरने घासला. त्यात काय होतं हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. त्यांचा खोकला त्यानेच झाला असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, मीही म्हणत नाही. त्या एवढंच म्हणाल्या की धूळ कमी करा.

मी चांगल्या प्रतीचे मास्क मागवले. बाबा म्हणाले, घामाने नाकाला चिकटतो, वरून खाली हाक मारता येत नाही, चष्म्यावर वाफ येते. सगळं खरं होतं. चौथ्या दिवशी बारक्याने, जो सहसा बोलत नाही, हातातला पेपर खाली ठेवला. "मामा, तुम्ही काढला तर मीपण काढतो. मग मला घरी पाठवा." अट त्यांचीच होती. बाबांनी मास्क वर ओढला. हल्ली जिथे जमेल तिथे ते पाणी मारून घासतात. वेळ जास्त लागतो, फरशीवर चिखल होतो, पण हवेत कमी उडतं. मालक लोक चिखलाची तक्रार करतात.

*

एक काम मी मात्र नीट केलं: कागदपत्रं. बांधकाम कामगारांसाठी २०२५पर्यंत १९९६चा केंद्रीय कायदा होता. त्यात बांधकामाच्या जोडीला दुरुस्ती आणि देखभाल हे शब्दही होते, म्हणजे रंगारी त्यात यायचा. राज्यात या कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढ्यावर नोंदणी होते. बारक्याचे ९० दिवस भरले तेव्हा मी फॉर्म भरायला घेतला. ९० दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदाराची सही लागते, ती बाबांनी केली. मग मला सुचलं म्हणून विचारलं, तुमची नोंदणी कधी केली?

केलेलीच नव्हती. त्यांनी आजवर किती हेल्परांच्या दाखल्यांवर सह्या केल्या असतील. त्यांच्या दाखल्यावर सही करायला वर कोणी नव्हतं. आज या फ्लॅटवर, उद्या त्या बंगल्यावर. मालक रंगाचा रंग बघतो, पैसे देतो, दार लावतो. महापालिकेकडूनही दाखला मिळू शकतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यासाठी दोन दिवस काम बुडवायला लागलं आणि एक दिवस साहेब जागेवर नव्हते. बाबा ५६ वर्षांचे आहेत. साठीला चार वर्षं राहिली.

त्या फॉर्मवरही कामाचा प्रकार विचारतात. यादीत शोधून मी रंगकाम निवडलं.

*

पाचव्या महिन्यात मला नोकरी लागली. आधीपेक्षा पगार थोडा कमी, घरून काम. आता मी सकाळी नऊला त्याच खोलीत लॅपटॉप उघडून बसतो जिथून ते दोघं आठला निघतात. माझी हजेरी बाबांनी शेवटच्या रविवारी हिशोब करून दिली. ज्या दिवशी ती भिंत परत मारावी लागली, त्याही दिवसाचे सहाशे धरले होते. मी म्हणालो, तो कापा. ते म्हणाले, "शिकताना जातंच तेवढं."

बारक्याला अजून हेल्परचीच हजेरी आहे. कारागीर झाल्यावर नऊशे होतील. कधी होणार असं तो विचारत नाही, आत्या विचारते, दर आठवड्याला, मला. मी तिला सांगितलं की त्याचा हात चांगला आहे. ती म्हणाली, "हात चांगला आहे म्हणूनच भीती वाटते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. मला उद्या मुलगा झाला आणि तो म्हणाला मला रंगकाम शिकायचंय, तर मी काय म्हणेन हे मी स्वतःला विचारून पाहिलंय. आधी आयटीआयचा फॉर्म आणीन, बहुतेक.

आमच्या घराला अकरा वर्षं रंग नाही. आई दर दिवाळीला म्हणायची आणि दर दिवाळीला बाबा दुसऱ्यांच्या घरात असायचे, कारण रंगाऱ्याचा सीझन तोच. पावसाळ्याच्या आधी काम जरा ढिलं पडलं तेव्हा बाबा बारक्याला म्हणाले, "पुढची खोली तुझ्या अंगावर. मी हात लावणार न्हाई."

त्याने खरवडली, भेगा उघडल्या, भरल्या, दोन हात पुट्टी मारली. मी ऑफिसचे कॉल आतल्या खोलीत, आईच्या देव्हाऱ्याशेजारी बसून घेतले. दुसरा हात मारायच्या दिवशी शनिवार होता, म्हणून खिडकीखालचा एक पट्टा मी मागून घेतला. बारक्याने दिला, पण माझं होईपर्यंत तिथून हलला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी लाइट बंद केला. फोनचा टॉर्च लावला आणि तो भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला. असा आडवा उजेड पडला की सपाट वाटणाऱ्या भिंतीवर डोंगर-दऱ्या दिसतात. ते टॉर्च सरकवत हळूहळू चालले, आणि जिथे सावली पडली तिथे पेन्सिलने गोल काढत गेले. काही न बोलता. बारक्या मागे हात बांधून उभा होता. मी मोजले, सतरा गोल.

तो दुसऱ्या दिवशी भरले, घासले. रात्री परत लाइट बंद. नऊ गोल.

तिसऱ्या रात्री चार. त्यातले तीन खिडकीखालच्या पट्ट्यात होते. बाबांनी वाकून तिथे टॉर्च परत एकदा फिरवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल कानावर ठेवली.

"परवा प्रायमर," म्हणाले.